नाव गावाचं, माल कुणाचा?

मलाणा क्रीम, इडुक्की गोल्ड, शीलावती... पार्टीत ही नावं ब्रँडसारखी घेतली जातात. ज्या गावांची ती नावं आहेत, तिथं आज काय चाललंय?

सीन ओळखीचा आहे. शनिवारची रात्र, बालेवाडीतला किंवा घोडबंदर रोडवरचा सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीत पाच-सहा जण. काटा बाराच्या पुढे सरकला की ग्रुपमधला ‘एक्स्पर्ट’ जागा होतो. असा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. सोमवार ते शुक्रवार तो टेस्टिंग टीममध्ये बग्ज शोधतो. शनिवारी मात्र बोटांत काळी गोळी फिरवतो, वास घेतो आणि निकाल देतो, ‘ओरिजिनल मलाणा आहे, बॉस!’ बाकीचे माना डोलावतात. त्यातल्या किती जणांना मलाणा नकाशावर दाखवता येईल, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. विचारू नयेच, मूड जातो.

ओढावं की ओढू नये, यावर हा लेख नाही. कायदा काय म्हणतो ते पुढे येईल, आणि बाकी काही नाही तरी तेवढं नीट वाचा. मला कुतूहल होतं ते नावांचं. दारूची नावं कंपन्या ठेवतात. गांजा-चरसची नावं मात्र गावांची आणि मुलखांची असतात. मलाणा, इडुक्की, मणिपुरी, म्हैसूर. आपण हापूसच्या मागे देवगड आणि रत्नागिरी लावतो, अगदी तसं.

हापूसचा विषय निघालाच आहे तर पुढचं ओघानं आलं. मार्केट यार्डातून आणलेल्या ‘देवगड’ छापाच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो, हे आपल्या आईला पहिल्या फोडीत कळतं. २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय टॅग मिळाला, म्हणजे निदान भांडायला हातात एक कागद तरी आला. मलाण्याच्या मालाचंही तेच झालंय. नाव गाजलं आणि नावाखाली भलताच माल विकला जाऊ लागला. फरक एवढाच, की देवगडच्या बागायतदाराकडे जीआयचं सर्टिफिकेट आहे आणि मलाण्याच्या शेतकऱ्याकडे एफआयआरची कॉपी.

एक झाड, तीन तऱ्हा

थोडं बॉटनी सहन करा. १७५३ साली लिनियसनं या झाडाला ‘कॅनाबिस सटायव्हा’ असं नाव दिलं. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञानं भारतातून आलेले नमुने पाहिले, त्याला ते युरोपातल्या झाडापेक्षा वेगळे वाटले, आणि त्यानं त्यांना ‘कॅनाबिस इंडिका’ म्हटलं. आज अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉफीशॉपमध्ये मेन्यूकार्डवर ‘इंडिका’ दिसतं, त्यातली इंडिया ही अशी.

पण भारतातही हे झाड एक नाही. ज्वारीचे जसे गावोगावचे वाण असतात, तसे याचेही होते. हिमालयात सीझन छोटा, ऑक्टोबरनंतर थंडी मारते, म्हणून तिथलं झाड तोपर्यंत आपलं काम उरकतं. केरळात थंडीची घाई नाही, दिवसरात्रीच्या लांबीतही फारसा फरक नाही. तिथलं झाड उंच वाढतं, पानं अरुंद, आणि फुलोरा निवांत लांबत जातो. असे पिढ्यानपिढ्या त्याच मातीत, त्याच हवेत निवडले गेलेले गावठी वाण, हीच ती पार्टीत घेतली जाणारी ‘क्लासिक’ नावं.

मजा अशी, की झाड बदललं तशी संस्कृतीही बदलली. डोंगरात जिवंत झाडाचा फुलोरा तळहातांत चोळून चीक गोळा करतात, तो चरस. मध्य आणि दक्षिण भारतात मादी झाडाचे तुरे वाळवतात, तो गांजा. आणि उत्तरेच्या मैदानात पानं वाटून थंडाईत घालतात, ती भांग. हिमालयातल्या साधूच्या चिलमीत चरस, दक्षिणेतल्या डोंगरात गांजा, बनारसच्या घाटावर भांगेचा गोळा, हे काही योगायोगानं झालेलं नाही.

(एक गंमत. आपल्या अंबाडीच्या भाजीचं शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ आहे. पानं दिसायला तशीच, म्हणून हे नाव. नशा शून्य. भाकरी आणि लसणाच्या फोडणीसोबत मात्र काय लागते!)

आता या झाडाची अडचण. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि परागीभवन वाऱ्यावर होतं. म्हणजे खोऱ्याच्या एका टोकाला कुणी बाहेरचं बियाणं लावलं, की पराग उडत दुसऱ्या टोकाच्या शेतात पोचलेच. कुंपण घालून उपयोग नाही. गावठी वाण टिकायचा असेल तर अख्ख्या खोऱ्यानं तो टिकवावा लागतो.

जमलूच्या गावात

मलाणा हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात आहे. पार्वती खोऱ्याच्या एका फाट्यात, साधारण २,६५० मीटर उंचीवर. जेमतेम दोनेक हजार वस्तीचं गाव. भाषा त्यांची स्वतःची, कनाशी. ही भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातली, आजूबाजूच्या कुल्लुईशी तिचं नातं नाही आणि या गावाबाहेर ती कुठंच बोलली जात नाही. गावचा देव जमलू, म्हणजे जमदग्नी ऋषी. आपल्या माहूरच्या रेणुकामातेचे यजमान आणि कोकण वसवणाऱ्या परशुरामाचे वडील, तेच हे. दीड हजार किलोमीटरवर असं सासर-माहेर निघालं की बरं वाटतं. गावाचा कारभार जमलूच्या नावानं चालतो आणि त्यांच्या पंचायतीत वरचं आणि खालचं अशी दोन सभागृहं आहेत. ‘आम्ही सिकंदराच्या सैनिकांचे वंशज’ ही कथा प्रत्येक गाइड सांगतो. तिला पुरावा नाही, पण गिऱ्हाइकाला ती आवडते.

मी गेले ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये. जरीपासून जीपनं वर जायचं, मग पायवाट. गावाच्या तोंडाशीच पाट्या. मंदिराला, काही घरांना बाहेरच्यांनी हात लावायचा नाही, लावला तर हजारांत दंड. दुकानात बिस्किटचा पुडा घेतला तर पैसे हातात द्यायचे नाहीत, समोर ठेवायचे. आधी अपमान वाटतो. नंतर लक्षात येतं, की वर्षभर कॅमेरे घेऊन येणाऱ्या आपल्यासारख्यांपासून गावानं स्वतःभोवती आखलेली ही एकच रेघ शिल्लक आहे. २०१७ साली त्यांनी जमलूच्या आदेशानं गावातली गेस्टहाउसेसही बंद केली. रात्री राहायचं तर गावाबाहेर.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा इथला हंगाम. तंबाखू मळतात तसं झटपट काम नाही हे. न वाळलेला, झाडावरचाच फुलोरा दोन तळहातांत हळूहळू फिरवत राहायचा. तळव्यांवर काळपट चीक जमतो, तो शेवटी खरवडून काढायचा. चांगल्या प्रतीचा माल हवा असेल तर दिवसभर घासून हाती फक्त काही ग्रॅम लागतात. घाई केली की पानं, धूळ, घाम सगळं त्यात जातं आणि वजन छान भरतं. तुमच्या एक्स्पर्ट मित्राच्या बोटांत फिरणारी गोळी या दोनपैकी कोणत्या प्रकारची असेल, अंदाज करा.

कसोलच्या कॅफेत बसलात तर तुम्हाला दोन गोष्टी हमखास ऐकवतात. एक, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्पर्धेत मलाणा क्रीमला बक्षीस मिळालं. दोन, ही हजारो वर्षांची परंपरा आहे. दुसरी गोष्ट अर्धीच खरी. झाड जुनं आहे, नक्कीच. या डोंगरांत त्याच्या सालीच्या तंतूंपासून दोर आणि चपला बनत, बिया खाण्यात असत. कुमाऊँमध्ये भांगेच्या बियांची चटणी आजही घरोघरी होते, त्यात नशा नसते. पण चरसचा मोठा व्यापार वेगळ्याच वाटेनं व्हायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत भारतात विकला जाणारा बहुतेक चरस यारकंदहून, म्हणजे आजच्या चीनच्या शिनजियांगमधून, लेहमार्गे यायचा आणि सरकार त्यावर रीतसर कर घ्यायचं. मलाण्याचा ‘ब्रँड’ तयार झाला तो १९७० च्या दशकात हिप्पी या खोऱ्यात पोचल्यानंतर. मागणी आली, पैसा आला, आणि मेंढ्या-मक्यावर जगणारं गाव एका पिकावर आलं.

मागोमाग आणखी एक गोष्ट आली, परदेशी बियाणं. लवकर तयार होणारं, जास्त भरणारं हायब्रिड. जास्त माल निघतो तर शेतकरी का लावणार नाही? विदर्भातल्या कापसाचं काय झालं ते आपण पाहिलंय. खोऱ्यात हायब्रिड शिरलं आणि वारा आपलं काम करत राहिला. दर वर्षी हंगामात पोलीस आणि वनखातं पीक उपटायला येतात, त्यामुळे शेतं आणखी वर, जंगलात सरकली. आज ‘मलाणा’ म्हणून जे देशभर विकलं जातं, त्यातलं बरंचसं आजूबाजूच्या खोऱ्यांतून आलेलं असतं. एवढ्याशा गावात अख्ख्या पुण्या-मुंबई-बंगळुरूला पुरेल एवढं पिकणार कुठून? हा साधा हिशेब आहे, पण बाल्कनीत तो कुणी मांडत नाही.

जानेवारी २००८ मध्ये लागलेल्या आगीत या गावातली जुनी लाकडी घरं मोठ्या संख्येनं जळाली. रस्ता जवळ आला तो मलाणा जलविद्युत प्रकल्पामुळे, २००१ च्या आसपास. आणि २०२४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला ढगफुटी झाली, त्याच प्रकल्पाचा बांध पुराच्या लोंढ्यात फुटला, रस्ता आणि पूल वाहून गेले आणि गाव तुटलं. त्या आठवड्यात ‘मलाणा’ सर्च करणाऱ्यांपैकी किती जण पुराच्या बातमीसाठी आले असतील, कोण जाणे.

इडुक्की नावाचं स्टिकर

आता थेट दुसऱ्या टोकाला. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या डोंगरात पिकणाऱ्या सोनेरी झाक असलेल्या गांजाला ‘इडुक्की गोल्ड’ म्हणत. नाव एवढं मोठं, की २०१३ साली त्याच नावाचा मल्याळम सिनेमा आला, शाळेतल्या मित्रांनी म्हातारपणाकडे झुकताना पुन्हा एकत्र येण्याचा. सिनेमाचं नाव म्हणून ते शोभलं, कारण तोपर्यंत ती चीजच नॉस्टॅल्जिया झाली होती. पोलीस आणि एक्साइजच्या वर्षानुवर्षांच्या मोहिमांनी इडुक्कीच्या जंगलातली शेती जवळपास संपवली. धंदा संपला नाही, तो सरकला. आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरात पीक गेलं आणि तोच माल केरळात परत येऊन ‘इडुक्की’ म्हणून विकला जाऊ लागला. म्हणजे पेटी देवगडची, आंबा तुमकूरचा.

आंध्रच्या त्या पट्ट्यात, चिंतापल्ली आणि पाडेरूच्या बाजूला, जो वाण प्रसिद्ध आहे त्याचं नाव शीलावती. नाव ऐकून मला आधी एखाद्या पतिव्रतेची कथा आठवली. इथं पिकवणारे बहुतेक आदिवासी शेतकरी आहेत. बाहेरचा व्यापारी आगाऊ पैसे देतो, बियाणं देतो, माल उचलतो. पकडला जातो तो शेतकरी, किंवा टेम्पोचा ड्रायव्हर. २०२१ मध्ये आंध्र पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ नावाची मोहीम काढून हजारो एकर पीक तोडलं.

आणि हाच तो मुलूख, जिथली कॉफी आपण हल्ली कौतुकानं पितो. अराकू व्हॅलीच्या अरेबिकाला २०१९ साली जीआय टॅग मिळाला. पर्यायी पीक म्हणून सरकार तिथं कॉफी आणि मिरी लावायला सांगतं. झाड लावल्यापासून कॉफीचं उत्पन्न हातात यायला तीन-चार वर्षं जातात. गांजाचे पैसे त्याच वर्षी मिळतात. ईएमआय भरणाऱ्या कुणालाही यातली अडचण समजावून सांगायची गरज नाही.

महाराष्ट्र यात कुठं? धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, पोलीस कपाशी-तुरीच्या आड लावलेला गांजा वरचेवर उपटत असतात. त्या मालाला मात्र गावाचं नाव लागत नाही. शिरपूर गोल्ड असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

गांजाचा डॉक्टर

पण एकेकाळी हे सगळं उघड्यावर होतं, आणि आपल्याकडेही होतं. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये एका खासदारानं प्रश्न विचारला, की भारतातल्या गांजाचं काय? त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. सात सदस्य, त्यातले तीन भारतीय. १८९३-९४ मध्ये देशभर फिरून त्यांनी १,१९३ साक्षी घेतल्या आणि काही हजार पानांचा रिपोर्ट लिहिला. त्यात मुंबई इलाख्याचंही प्रकरण आहे, आणि गांजा पिकवणारा महत्त्वाचा जिल्हा म्हणून येतो तो अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. नगरच्या मित्रांना ही माहिती द्या, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

या रिपोर्टातला माझा सगळ्यात आवडता माणूस बंगालच्या नौगावमधला. तिथं चांगल्या गांजासाठी शेतातली नर झाडं वेळेत उपटावी लागत, नाहीतर तुऱ्यात बी धरतं आणि माल वाया जातो. नर कोणता आणि मादी कोणती हे फुलायच्या आत ओळखणं सगळ्यांना जमत नसे. त्यासाठी खास माणूस बोलवायचे, त्याला पोद्दार म्हणत. साहेबांनी त्याचं भाषांतर केलं, ‘गांजा डॉक्टर’. तो शेतातून चालत जायचा आणि नर झाड दिसलं की मोडून ठेवायचा. कन्सल्टंटच म्हणा ना.

कमिशननं वेड्यांच्या इस्पितळांची रजिस्टरंही तपासली, कारण ‘गांजानं माणूस वेडा होतो’ हा तेव्हाचा मुख्य आरोप होता. बऱ्याच केसेसमध्ये ‘कारण’ या रकान्यात पोलिसांनी सवयीनं गांजा लिहिलेला निघाला. निष्कर्ष असा : अतिसेवन वाईट, माफक सेवनानं फारसं नुकसान नाही, बंदी नको, लायसन्स आणि कर हवा. पुढची साठ-सत्तर वर्षं देश साधारण याच वाटेनं चालला.

मग १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा नार्कोटिक ड्रग्जवरचा करार आला. त्यात ठरलेली २५ वर्षांची मुदत संपत आली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपल्याकडे एनडीपीएस कायदा लागू झाला. (बालदिनाचा मुहूर्त कुणी काढला, माहीत नाही.)

कायदा : घाईत वाचू नका

कायद्याच्या व्याख्येत चरस आहे, गांजा आहे, म्हणजे फुलांचे तुरे आहेत. तुऱ्यांशिवायची पानं आणि बिया मात्र नाहीत. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेशात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं चालतात. ‘मग आपल्याकडेही चालेल’ असं समजू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय भांगही त्यात येते.

चरस १०० ग्रॅमपर्यंत आणि गांजा १ किलोपर्यंत, याला कायदा ‘स्मॉल क्वांटिटी’ म्हणतो. स्मॉल म्हणजे माफ, असा एक भयंकर गैरसमज आपल्या वयाच्या लोकांमध्ये आहे. स्मॉलला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं सेवन सिद्ध झालं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चरस १ किलो आणि गांजा २० किलो ही ‘कमर्शियल’ची रेघ. तिच्यापुढे किमान दहा वर्षं आणि जामीन जवळपास विसरायचा. शिवाय पासपोर्ट व्हेरिफिकेशन, व्हिसा, नव्या कंपनीचा बॅकग्राउंड चेक. शिक्षा होण्याआधीच केसच्या तारखा माणसाला पुरेशा थकवतात.

व्यसन सोडण्यासाठी स्वतःहून उपचार घेणाऱ्याला याच कायद्यात कलम ६४अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करत नाही. २०१९ साली आलेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीनुसार कॅनाबिसच्या वापरामुळे त्रासात असलेल्या आणि मदतीची गरज असलेल्या भारतीयांची संख्या सुमारे ७२ लाख होती. त्यातले काही आपल्याच बाल्कनीत असणार.

केरळ ते अ‍ॅमस्टरडॅम, व्हाया बँकॉक

गोष्टीचा सगळ्यात विचित्र भाग इथून पुढे आहे. १९७० च्या आसपास आलेले पाहुणे रिकाम्या हातानं परतले नाहीत, खिशात बिया होत्या. त्या कॅलिफोर्नियात आणि हॉलंडमध्ये रुजल्या, एकमेकांशी संकर झाले, आणि त्यातून नव्वदच्या दशकात कंपन्यांची कॅटलॉगं भरली. ‘व्हाइट विडो’ या गाजलेल्या डच वाणाचा एक पूर्वज केरळचा, असं तिचे जनकच सांगतात. पुढे एका डच सीड कंपनीची टीम मलाण्यात येऊन शूटिंग करून गेली, नमुने जमवण्याची मोहीम म्हणून.

हळदीच्या वेळी आपण गप्प बसलो नव्हतो. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी युनिव्हर्सिटीच्या मेडिकल सेंटरला मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आणि योगायोग बघा, अमेरिकी सरकारचा संशोधनासाठीचा अधिकृत गांजाचा मळा १९६८ पासून होता तो याच मिसिसिपी युनिव्हर्सिटीत! पण गांजाच्या बियांसाठी कोण लढणार? जे पीक कागदावर गुन्हा आहे, त्याच्या वाणाची मालकी सांगायला पुढे यायचं म्हणजे पोलीस स्टेशनचा पत्ता विचारत जाण्यासारखं.

आता तोच माल उलटा येतोय. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, दुकानं फुटली, आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. दरम्यान मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांमध्ये ‘हायड्रो’ सापडणं नेहमीचं झालं. हायड्रो म्हणजे मातीशिवाय, दिव्यांखाली, बंद खोलीत वाढवलेला गांजा. फुकटच्या थायलंड ट्रिपच्या मोहात बॅग आणणारे बरेचसे तिशीच्या आतले. कस्टम्सच्या काउंटरवर त्यांना कलमं कळतात. मुंबईत या हायड्रोला मलाण्यापेक्षा जास्त भाव आहे, म्हणजे आपल्या बियांची नातवंडं इंपोर्टेड होऊन परत आली.

आणि ही नातवंडं आजोबांसारखी सौम्य नाहीत. नशा आणणारा घटक टीएचसी, तो १९६४ साली इस्रायलमध्ये मेकूलम आणि गाओनी यांनी वेगळा केला. त्यानंतरच्या संकरांनी मुख्यतः तोच वाढवत नेला आणि त्याचा समतोल राखणारा सीबीडी मागे पडला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअट्री’त आलेल्या, युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणच्या अभ्यासात टीएचसीचं प्रमाण १० टक्क्यांपासून पुढे असलेला माल रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. इनडोअर माल या दहा टक्क्यांच्या बराच पुढे असतो. तेव्हा ‘आपले साधू हजारो वर्षं ओढतात, त्यांना काय झालं’ हे आर्ग्युमेंट हायड्रोला लावू नका. साधूच्या चिलमीत हायड्रो नव्हता.

बियाणं कुठलं?

वारं थोडं बदलतंय. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजा सर्वात कडक यादीतून काढण्यावर मतदान झालं, २७ विरुद्ध २५, आणि भारतानं काढण्याच्या बाजूनं मत दिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयनं हेम्पच्या बिया, तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. सुपरमार्केटमध्ये हेल्थ फूडच्या शेल्फवर महागड्या बरणीत जे दिसतं ते हेच, कुमाऊँच्या चटणीतलं बी.

उत्तराखंडनं २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या शेतीला परवाना दिला. अट एकच, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत हवा. आणि तिथंच घोडं अडलं, कारण पहाडातला गावठी वाण त्या रेघेत बसत नाही. म्हणजे ज्या डोंगरात हे झाड रानोमाळ उगवतं, तिथं कायदेशीर शेती करायला बियाणं बाहेरून आणायचं.

जानेवारी २०२५ मध्ये हिमाचलच्या मंत्रिमंडळानं औषधी आणि औद्योगिक वापरासाठी नियंत्रित शेतीच्या पायलट स्टडीला मंजुरी दिली. काम पालमपूरचं कृषी विद्यापीठ आणि नौणीचं फलोत्पादन विद्यापीठ करणार. मलाण्याहून पाहिलं तर ही दोन्ही विद्यापीठं त्याच राज्यात आहेत. अजून जिथं हायब्रिडचे पराग पोचलेले नाहीत अशी चार-दोन शेतं वरच्या अंगाला उरली असतील, तर त्यांचं बी या प्रयोगात घेतलं जाईल का, आणि घेतलं तर देणाऱ्यानं ते स्वतःच्या नावानं द्यायचं की नाव न सांगता, हे ठरायचंय. ऑक्टोबर आला की पोलिसांची टीम नेहमीप्रमाणे वर चढते.